माझ्या रक्ताची बातमी

“या घरात बाईशी सगळे एकदम गोड बोलायला लागले ना अंबिका, की कान टवकारायचे,” महानंदाताई म्हणाल्या.

मागच्या अंगणात आम्ही दोघी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत होतो. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या खाली बसून सूप हलवत होत्या आणि मला सातवा लागला म्हणून मला खुर्ची मिळाली होती. मी हसले.

“ताई, तुम्हाला कुणी वाटीभर साखर दिली तरी तुम्ही त्यात मुंगी शोधता.”

“सापडते म्हणून शोधते,” त्या म्हणाल्या आणि फूऽ करून सालं उडवली.

मी ते तिथंच झटकून टाकलं. घर चांगलं होतं की आमचं. बार्शीत पाइप-फिटिंगचं चालतं दुकान, अप्पा म्हणजे माझे सासरे शब्दाला जपणारे, सासूबाई समोर बसून जेवू घालणाऱ्या. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, ती नोकरी सोड असंही कुणी म्हटलं नव्हतं. अशा घरात कान कशाला टवकारायचे?

त्याच आठवड्यात, बुधवारी, मी आणि मन्मथ तपासणीला गेलो. मन्मथ माझा नवरा. डॉक्टर कोठावळे मॅडमनी माझं बीपी एकदा पाहिलं, मला थोडं बसवून पुन्हा पाहिलं. मग घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावरही खड्डा तसाच राहिला.

“बीपी किंचित वर आहे,” त्या म्हणाल्या. “पण मला नुसत्या बीपीवर अवलंबून राहायचं नाही. एक रक्ताची तपासणी पाठवते पुण्याला.”

“कसली?” मी विचारलं.

“झालं, बाईंचा तास सुरू,” मन्मथ म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे लक्ष न देता मला सांगितलं. गर्भाची वार आईच्या रक्तात दोन प्रथिनं सोडते. एक रक्तवाहिन्यांना जपतं. दुसरं त्या पहिल्याला धरून ठेवतं, त्याला काम करू देत नाही. वार बिघडायला लागली की पहिलं कमी होतं आणि दुसरं वाढतं. या दोघांचं प्रमाण पाहिलं की पुढे बीपी भडकणार का, आईला झटके येण्याचा, तिच्या यकृताला, किडनीला इजा होण्याचा धोका आहे का, याचा अंदाज बराच आधी येतो.

“प्रमाण कमी आलं तर निदान आठवडाभर निवांत झोपा,” त्या म्हणाल्या. “जास्त आलं तर मात्र लगेच भरती व्हायचं. लगेच म्हणजे लगेच हं.”

बाहेर काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर विचारला. मी तोंड उघडायच्या आत मन्मथने त्याचा सांगितला. गॅसचा, लाइट बिलाचा, सगळीकडे त्याचाच नंबर असायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी तो दुकानातून दुपारीच घरी आला. हातात डाळिंबं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण या माणसाने कधी न सांगता कोथिंबिरीची जुडी आणली नव्हती.

“रिपोर्ट आला का हो?” मी विचारलं.

“आला. फोन आला होता. सगळं नॉर्मल.”

“नॉर्मल म्हणजे किती आलं प्रमाण?”

“अगं, नॉर्मल म्हणजे नॉर्मल. मास्तरीणबाई, आता पेपर तपासायला घेता का?” तो हसला, पण माझ्याकडे न बघता. डाळिंब सोलायला बसला. तेही त्याने कधी केलेलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्या ताटातली आमटी अळणी होती. मी मीठ मागितलं तर आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “राहू दे गं, अंगावर सूज येते. दोन दिवस खा असंच.” अप्पा, जे कधी जागचं हलून पाणीही घेत नसत, त्यांनी उठून माझ्या डोक्यावरचा पंखा वाढवला. रविवारी माझं डोहाळजेवण होतं. मला वाटलं, घरात कार्य आहे, त्याचा आनंद आहे. बाळाचे लाड पोटात असतानाच सुरू झालेत.

शनिवारी सकाळी उमरग्याहून माझी मम्मी आली. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. आल्या आल्या तिने मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

“काय गं?” मी म्हटलं.

“काही नाही. वाळलीस.”

“वाळले? पाय बघ माझे, खांबासारखे झालेत.”

तिने पायांकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. “होतं असं. मला तुझ्या वेळी चपला चढत नव्हत्या.” मग ती सासूबाईंबरोबर आतल्या खोलीत गेली. मी दारात गेले तेव्हा दोघी डोहाळजेवणाच्या करंज्यांविषयी बोलायला लागल्या. इतक्या मोठ्याने, की जणू गच्चीवरच्या माणसाला ऐकू जावं.

रविवारी सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. मी सांगितलं. उत्तर तयार होतं, झोप नीट झाली नसेल. मग चुडा भरायला कासारीण आली. माझ्या नेहमीच्या बांगड्यांच्या मापाची हिरवी जोडी तिने काढली, ती माझ्या अंगठ्याच्या मुळाशीच अडकली. मोठं माप काढलं, तेही अडकलं.

“बाईंच्या अंगाला सासरचं तूप लागलंय,” कासारीण म्हणाली. बायका हसल्या.

“राहू दे आता,” मी म्हटलं. “हात दुखतोय.”

“असं कसं राहू दे?” आई म्हणाल्या. “हिरवा चुडा नाही तर ओटी कशी भरायची? साबण आणा गं.”

साबण लावून, हात दाबून, हाडं चेपून माझ्या हातांत बांगड्या चढवल्या. मनगटावरची कातडी सोलली. एकीने त्यावर हळद लावली आणि म्हणाली, “छान दिसतंय.”

अंगणात मांडव होता. फुलांनी मढवलेला झोपाळा, मागे चंद्रकोर. मला मोगऱ्याचे दागिने घातले, हातात फुलांचं धनुष्य दिलं. बायका डोहाळ्याची गाणी म्हणू लागल्या. फोटोग्राफर एकामागून एक फ्लॅश उडवत होता. डावीकडे प्रकाश, उजवीकडे प्रकाश. बरगड्यांखाली, उजव्या बाजूला, कुणीतरी मूठ आवळून धरावी तसं दुखायला लागलं. मी शेजारी उभ्या असलेल्या मम्मीला खुणावलं.

“त्या फोटोवाल्याला जरा थांबव गं. फ्लॅश सहन होत नाही.”

मम्मीचा चेहरा पांढरा पडला. “अंबे,” ती म्हणाली, “तो केव्हाच जेवायला बसलाय.”

मी मान वळवली. मांडवाच्या टोकाला तो खरंच पंगतीत बसला होता. कॅमेरा शेजारच्या खुर्चीवर. आणि माझ्या डोळ्यांपुढे प्रकाश उडतच होते.

बाथरूमला जाते म्हणून मी उठले, खोलीत गेले, कडी लावली आणि कोठावळे मॅडमना फोन लावला.

“मॅडम, मी अंबिका. डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे चमकतंय. उजवीकडे बरगडीखाली दुखतंय.”

“सोलापूरला कुणाच्या देखरेखीखाली आहात? तिथल्या डॉक्टरांना द्या फोन.”

“मी घरी आहे मॅडम. बार्शीत. माझं डोहाळजेवण चालू आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“अहो, काय बोलताय तुम्ही? शुक्रवारी सकाळी मी स्वतः बोललेय तुमच्या मिस्टरांशी. प्रमाण फार जास्त आलंय. आजच्या आज सोलापूरला हलवा, म्हटलं. ते म्हणाले, निघतोच. ताबडतोब निघा, मी तिथे कळवते.”

मी कडी काढली. दारात मन्मथ, आई आणि मम्मी उभे होते. मम्मीने त्यांना बोलावून आणलं असावं. बाहेर गाणं रंगात आलं होतं.

“मन्मथ,” मी म्हटलं. सासूसमोर मी नवऱ्याला नावाने हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा. “शुक्रवारी डॉक्टर काय म्हणाल्या?”

त्याने खाली पाहिलं. “उद्या पहाटेच निघणार होतो आपण. गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय. बॅगसुद्धा भरलीय तुझी.”

“मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या?”

“तिला आत्ता कशाला...” आई मध्ये पडल्या. “हे बघ अंबिका, गर्भारबाईला असलं काही सांगायचं नसतं. तू आधीच एवढ्या तेवढ्याने घाबरतेस. ऐकून बीपी अजून वाढलं असतं तर? तुझ्याच जिवासाठी केलं ना?”

“माझ्या जिवासाठी? मग दोन दिवस मला झोपाळ्यासाठी का ठेवलंत?”

“अगं, सगळं गाव बोलावलंय. आणि ओटी भरल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नसते, आमच्यात चालत नाही ते. एका दिवसाने काय होतंय?”

“एक नाही, शुक्रवारपासून मोजा,” मी म्हटलं. “रक्त माझं. पोट माझं. त्यात वाढतंय ते बाळ माझं. आणि बातमी तेवढी तुमची? कॉलेजात हेच शिकवते मी, आई. या घरात तो रिपोर्ट कळणारी मी एकटी आहे आणि मला एकटीला सोडून सगळ्यांना तो माहीत होता!”

“सगळ्यांना कुठे...” मन्मथ म्हणाला.

मग माझं लक्ष मम्मीकडे गेलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गुंडाळत होती आणि सोडत होती.

“तुलाही?” मी विचारलं.

“जावईबापूंचा फोन आला शुक्रवारी,” ती पुटपुटली. “म्हणाले, तिला कळू देऊ नका. मला वाटलं, तुझ्या जिवाला घोर नको. म्हणून तर एक दिवस आधी आले गं.”

सासरच्यांचा मला राग आला होता. मम्मीचा मात्र राग येईना. तिथे नुसतं पोकळ पोकळ वाटलं. ती आदल्या दिवसापासून माझ्याजवळ होती. रात्री माझ्या केसांना तेल लावलं होतं तिने. बोटं केसांतून फिरत होती आणि तोंड मिटलेलं होतं.

“गाडी काढा,” मी म्हटलं.

“पाच मिनिटं,” आई म्हणाल्या. “पाच सवाष्णी पटापट ओटी भरतील आणि...”

मी त्यांच्या बाजूने तशीच बाहेर निघाले. मोगऱ्याचा कंबरपट्टा, डोक्यावर फुलांचा मुकुट, तसाच. गाणं मध्येच थांबलं. अप्पा खुर्चीतून उठले, “अगं, काय झालं, सूनबाई?” म्हणाले. आवाजात इतकं खरंखुरं आश्चर्य, की क्षणभर मला वाटलं, त्यांना माहीत नसेल. महानंदाताईंनी मला दंडाला धरलं आणि गाडीत बसवलं. त्या माझ्या शेजारी बसल्या.

“मला अप्पांनी शपथ घातली होती, माझ्या पोरांची,” त्या म्हणाल्या. “तोंड उघडायला बंदी.” त्यांचे डोळे सुजले होते. त्या कधीपासून रडत होत्या, मला माहीत नाही.

मन्मथने गाडी सुरू केली तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. आई होत्या. मागे चार बायका, एकीच्या हातात ताट. काच खाली करायच्या आधीच महानंदाताई ओरडल्या, “चल रे!” पण मन्मथने काच खाली केली. आईंनी गाडीच्या खिडकीतून हात घालून माझा पदर ओढला, त्यात नारळ, खण आणि तांदूळ टाकले. मागच्या चौघींनीही. कुणीतरी कुंकू लावलं, ते भुवईवर लागलं. पाच झाल्यावरच त्यांनी गाडी सोडली. मी पोट धरून बसले होते आणि माझ्या मांडीवर नारळ गडगडत होते.

गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली. महानंदाताई माझ्या अंगावरची फुलं एकेक करून तोडत होत्या. वैरागच्या पुढे कुठेतरी मला उलटी झाली.

दवाखान्यात बांगड्या निघेनात. शेवटी नर्सने कात्रीच्या मागच्या टोकाने त्या फोडल्या, कारण हाताला सुई लावायला जागा हवी होती. बीपी बघणाऱ्या नर्सने आकडा मोठ्याने सांगितला नाही, डॉक्टर बागवानांना नुसता दाखवला. झटके येऊ नयेत म्हणून सलाइनमधून औषध सुरू झालं. अंगात गरम पाणी सोडल्यासारखं झालं. मी डोळे मिटून पडले होते. त्यांना वाटलं, मला ऐकू येत नाही.

“रिपोर्ट शुक्रवारी हातात होता?” डॉक्टर बागवान मन्मथला विचारत होते.

“हो. म्हणजे, फोनवर.”

“शुक्रवारी आणलं असतं तर मी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं असतं. दिवस कमी असलेल्या बाळाला त्याचा फार आधार होतो. पण त्याचा पूर्ण गुण यायला साधारण दोन दिवस लागतात.”

“मग द्या ना आत्ता,” मन्मथ म्हणाला.

“देतोय. पण आता माझ्याकडे दोन दिवस नाहीत. आईला वाचवायचं तर बाळ लवकरच काढावं लागेल. ते दोन दिवस तुमच्याकडे होते.”

मन्मथ भिंतीला घासत खाली बसल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले नाहीत. मला तो रडताना बघायचा नव्हता.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं रडणं मला ऐकूच आलं नाही. फुप्फुसं तयार नव्हती. तिला नळ्या लावल्या, मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. काचेच्या पेटीच्या भोकातून मी एक बोट आत घालायचे, तिचा पंजा त्या बोटाच्या अर्ध्या पेरालाही पुरत नव्हता. तिथे पेटीपाशी बसून मी त्या दोन दिवसांचा हिशेब लावायचे. शुक्रवारी दुपारी डाळिंब सोललं गेलं. शनिवारी करंज्या मोजल्या गेल्या, मांडवाचे बांबू रोवले गेले. रविवारी साबण लावून चुडा. या सगळ्या वेळात माझ्या दंडात एक सुई जाऊ शकली असती.

कोठावळे मॅडम मला भेटायला आल्या. चांगल्या बाई. त्यांच्याच तपासणीमुळे मी वाचले, हे मी नाकारत नाही.

“मॅडम, फोन मला का नाही केलात?” मी विचारलं.

“आम्ही नातेवाइकांनाच सांगतो हो शक्यतो. पेशंट घाबरतात.”

“घाबरले असते,” मी म्हटलं. “घाबरून गाडीत बसले असते.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. मला मात्र उत्तर हवं होतं.

गिरिजा जगली. आता सात वर्षांची आहे. खूप बोलते, खूप भांडते. पळताना मात्र अंगणाच्या निम्म्यात थांबते, छातीवर हात ठेवते आणि माझ्याकडे बघते. मग मी श्वासाचा पंप घेऊन जाते. ती दोनदा ओढून घेते आणि पुन्हा पळते. तिला वाटतं, सगळ्याच मुली अशा थांबतात.

मन्मथने माझी माफी मागितली. एकदा नाही, पुष्कळदा. मम्मी अजून माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. पण परवा काय झालं ते ऐका. मन्मथच्या चुलतबहिणीचं, तृप्तीचं डोहाळजेवण होतं. मांडवात आई पाहुण्या बायकांना सांगत होत्या, “आमच्या अंबिकाचं तर केवढं गंभीर होतं. पण आम्ही शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाही बघा. फुलासारखं जपलं.”

“नशीबवान हो सून तुमची,” बायका म्हणाल्या.

माझ्या हातातला घास ताटात पडला. इतक्या वर्षांनी, माझ्या मुलीच्या देखत, ती लबाडी माझ्या लाडांमध्ये जमा झाली होती! मी आई, मन्मथ, अप्पा, कुणाकडेच गेले नाही. हात धुतले आणि सरळ झोपाळ्यापाशी गेले.

“तृप्ती, परवा तुझ्या तपासण्या झाल्या ना? काय आलं?”

“सगळं नॉर्मल, वहिनी.”

“कोण म्हणालं?”

“हे म्हणाले.”

“आणि डॉक्टर?”

ती हसली. “डॉक्टर यांच्याशीच बोलतात ना.”

मी तिला हाताला धरून उठवलं. बायका बघत राहिल्या, आई “अगं, अगं” करत राहिल्या. आत नेऊन मी तिलाच डॉक्टरांना फोन लावायला लावला आणि ती स्वतःच्या तोंडाने सगळं विचारेपर्यंत शेजारी उभी राहिले. तिचं खरंच सगळं ठीक होतं. बाहेर मला किती बोलणी खावी लागली, ते सांगत नाही.

हे वाचताना तुम्हाला कुणीतरी आठवली असेल. भाची, मैत्रीण, शेजारची नवी सून. आज तिला फोन लावा. दुसऱ्या कुणी उचलला तर ख्यालीखुशाली विचारत बसू नका, म्हणा, तिलाच द्या. आणि ती आली की एवढंच विचारा, डॉक्टर तुझ्याशी काय बोलल्या? तुझ्याशी. ती गप्प राहिली तर फोन ठेवू नका.